भिलाईचे जोड-इंजिन आणि शौकिनांचा उत्साह : एक इतिहासपाठ

उद्योगाचा इतिहास म्हटला की तुमच्यासमोर टाटा, किर्लोस्कर, बजाज ही नावे येतात. टिकलेल्या उद्योगांची कागदपत्रे मुबलक असतात, त्यामुळे इतिहासही त्यांचाच लिहिला जातो. या पाठात आपण एका लहान उद्योगाकडे पाहणार आहोत. 2017-18 मध्ये छत्तीसगडमधील भिलाई येथून 1000 सीसीचे एक इंजिन आणि त्यावर बेतलेली मोटारसायकल जाहीर झाली. देशभरातल्या मोटारसायकल-शौकिनांनी तिचे मोठ्या कौतुकाने स्वागत केले, तरी ती रस्त्यावर सर्रास दिसली नाही. एवढे कौतुक होऊनही असे का झाले, हा आपला प्रश्न आहे.

1. पार्श्वभूमी : भिलाई

1955 साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाई पोलाद कारखाना उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळी हा भाग मध्य प्रदेशात होता, आणि 1956 पर्यंत त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मुंबई-नागपूर-हावडा या लोहमार्गावर दुर्ग आणि भिलाई लागतात, म्हणून मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही.

मोठ्या कारखान्याभोवती ओतकाम, लेथ आणि सुट्या भागांची लहान-मोठी कामे वाढतात. धातूला आकार देणारे कारागीर अशा शहरात पिढ्यान्‌पिढ्या तयार होतात. मोटारसायकल उद्योगाची आपली नेहमीची केंद्रे मात्र वेगळी आहेत : पुणे, चेन्नई, होसूर, गुरुग्राम. पोलादाच्या गावात नव्याने इंजिन बांधले जाते, ही गोष्ट म्हणूनच लक्षात राहण्यासारखी ठरली.

2. इंजिन : कल्पना जुनी, प्रयत्न नवा

पॉल कारबेरी हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ. रॉयल एनफील्डच्या 500 सीसी इंजिनाचे वरचे भाग, म्हणजे सिलिंडर आणि हेड, दोन घ्यायचे, खाली नवीन क्रँककेस बनवायची आणि इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे 1000 सीसी इंजिन उभे करायचे, ही त्यांची कल्पना. गणित साधे आहे. एनफील्डच्या सिलिंडरचा व्यास 84 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. त्यावरून एका सिलिंडरचे 499 आणि दोहोंचे सुमारे 998 सीसी होतात. अभियांत्रिकीची बाजू ऑस्ट्रेलियातील इयन ड्रायस्डेल यांनी सांभाळली. आठ सिलिंडरची मोटारसायकल बांधणारे म्हणून ते आधीच ओळखले जात. दोन सिलिंडरमधला कोन 55 अंशांचा ठेवला होता. ऑस्ट्रेलियात अशा मोजक्याच गाड्या बनल्या. पुढे हा उद्योग भारतात आला आणि भिलाईत स्थिरावला.

या कल्पनेला जुनी परंपरा आहे, हे तुम्ही ध्यानात घ्या. 1936 साली इंग्लंडच्या व्हिन्सेंट कंपनीने ‘रॅपिड’ ही 998 सीसीची गाडी आणली. कंपनीचे अभियंता फिल आयर्विंग हेही ऑस्ट्रेलियनच. 500 सीसी इंजिनाच्या आराखड्याचे दोन कागद एकमेकांवर तिरके पडले आणि त्यातून जोड-इंजिन सुचले, अशी आख्यायिका आहे. खुद्द रॉयल एनफील्डनेही 1930 च्या दशकात 1140 सीसीची ‘केएक्स’ बनवली होती. अगदी अलीकडे अनिकेत वर्धन या भारतीयाने अमेरिकेतील ओहायो राज्यात एनफील्डचेच भाग वापरून ‘मस्केट’ नावाचे जोड-इंजिन घडवले.

एकाच भागाकडे इतके जण का वळतात? एनफील्डची बुलेट 1955 पासून मद्रासेत बनू लागली आणि परवाना-राजच्या काळात फारशी बदलली नाही. परिणामी तिचे भाग स्वस्त, परिचित आणि गल्लीतल्या मेस्त्रीच्या हातात बसलेले राहिले. ज्याला आपण तंत्रज्ञानाचे साचलेपण म्हणतो, त्यानेच हौशी प्रयोगांना कच्चा माल पुरवला.

3. शौकिनांची प्रतिक्रिया : तिचे तीन थर

2017 मध्ये इंजिन सुमारे 5 लाख रुपयांना जाहीर झाले, आणि 2018 मध्ये ‘डबल बॅरल’ ही पूर्ण मोटारसायकल 7 लाखांहून अधिक किमतीला. कंपनीने सांगितलेली ताकद सुमारे 52 अश्वशक्ती आणि 82 न्यूटन-मीटर इतकी होती. शौकिनांच्या प्रतिसादाचे तीन थर आपण वेगळे करू.

पहिला थर अभिमान आणि आवाज यांचा. अरुंद कोनाच्या जोड-इंजिनात दोन सिलिंडर सहसा समान अंतराने पेटत नाहीत. त्यामुळे ठोका अडखळत, लंगडत पडतो. हार्लेचा आवाज प्रसिद्ध आहे तो याच कारणाने. बुलेटच्या एकसुरी ठोक्यावर वाढलेल्या पिढीला तोच ठोका दुप्पट होऊन, तोही भारतात बांधलेल्या इंजिनातून ऐकायला मिळणार होता.

दुसरा थर किमतीचा. 2014 मध्ये हार्लेची स्ट्रीट 750 भारतात 4.10 लाखांना आली होती. जगभर नाव असलेली, पाण्याने थंड राहणारी गाडी एका पारड्यात आणि नवख्या उद्योगाची हवेवर थंड होणारी गाडी दुसऱ्या पारड्यात, अशी तुलना होणे अटळ होते. सुटे भाग कोण देईल, बिघाड झाला तर गाडी भिलाईला पाठवायची का, हे प्रश्नही त्याच थरातले.

तिसरा थर कायद्याचा. तो फार थोड्यांच्या लक्षात येतो, आणि प्रस्तुत प्रकरणात सर्वांत निर्णायक बाब बहुधा तीच असावी.

4. कायदा आणि कागद

सुटे इंजिन विकणे ही या उद्योगाची मूळ योजना. ग्राहकाने आपल्या जुन्या गाडीच्या सांगाड्यात ते बसवावे, असा त्यामागचा विचार. पण मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की नोंदणीत दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने वाहनात करू नये. 500 सीसीच्या जागी 1000 सीसी हा तर मुळावरच बदल. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला.

पूर्ण गाडी विकायची तर वाट वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 126 प्रमाणे प्रत्येक नव्या प्रकाराचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांतल्या दोन महाराष्ट्रातील संस्था. शिवाय नियमांची पायरी दरवर्षी उंच होत होती : 1 एप्रिल 2017 पासून भारत स्टेज-4, एप्रिल 2018 पासून 125 सीसीवरील नव्या प्रकारांना एबीएस, आणि 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6. लाखभर गाड्या विकणारी कंपनी हा खर्च गाडीमागे काही रुपयांत वाटून टाकते. शंभर गाड्या विकणाऱ्याला तोच खर्च गिळून टाकतो.

हे नियम चुकीचे होते असा निष्कर्ष घाईने काढू नका. शहरातली हवा आणि ब्रेक न लागल्याने जाणारे जीव, हे त्यांमागचे खरे कारण आहे. प्रश्न एवढाच की लहान निर्मात्यासाठी वेगळी, झेपेल अशी वाट असावी का? ब्रिटनमध्ये एकेकट्या आणि हाताने बांधलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र मान्यतेची सोय आहे. आपल्याकडे ही चर्चा अजून पुढे न्यायची आहे.

5. त्याच नोव्हेंबरातली दोन उदाहरणे

तुलनेशिवाय इतिहास अपुरा राहतो. 14 नोव्हेंबर 2018 रोजी रॉयल एनफील्डने 648 सीसीची इंटरसेप्टर 2.50 लाखांना भारतीय बाजारात आणली. तिचे दोन सिलिंडर शेजारी-शेजारी होते. पण क्रँक 270 अंशांचा ठेवून कंपनीने जोड-इंजिनाचा तो लंगडता ठोका मिळवला. आधी इटलीतील मिलान येथे आणि मग गोव्यातील रायडर मेनियात तिचे दर्शन घडले, तेव्हापासूनच शौकीन पैसे जमवू लागले होते. ज्या आवाजासाठी भिलाईचे इंजिन हवेसे वाटले, त्याच्या जवळचा आवाज आता तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत, हमी आणि दुकानासह मिळू लागला.

दुसऱ्याच दिवशी, 15 नोव्हेंबरला, मुंबईच्या क्लासिक लेजंड्स या नव्या कंपनीने ‘जावा’ पुन्हा बाजारात आणली. नवी कंपनी, नवे इंजिन, जुन्या नावाची ओढ, सारे होते. आणि पाठीशी महिंद्र समूहाचा पैसा व पीथमपूरचा कारखाना होता. तरीही मागणी पुरवताना तिची दमछाक झाली. सप्टेंबर 2019 पर्यंतच्या गाड्या विकल्या गेल्याचे सांगून डिसेंबरातच नोंदणी थांबवावी लागली. एवढ्या पाठबळाची ही गत, तर भिलाईच्या कारखान्यापुढील चढ किती उभा होता, याचा तुम्हीच अंदाज करा.

6. समारोप

शौकिनांचा उत्साह हे इतिहासाचे मोलाचे साधन आहे, पण ते कशाचे साधन आहे हे ओळखावे लागते. लोकांना काय हवे होते, हे त्यातून कळते. लोक कशासाठी पैसे मोजतील, कुठल्या शहरात दुरुस्ती मिळेल, परिवहन कार्यालयात नोंद होईल का, हे कळण्यासाठी किंमतपत्रके, कायदे आणि कारखान्यांची क्षमता वाचावी लागते. वाहवा करणारे हजारो आणि आगाऊ रक्कम भरणारे मोजके, हे अंतर ज्या उद्योगाला भरून काढता येत नाही, तो थांबतो. त्यात शौकिनांचा खोटेपणा नाही आणि कारागिराची अपात्रताही नाही.

भिलाईच्या प्रयत्नाने एक गोष्ट मात्र सिद्ध केली : मोठ्या उद्योगकेंद्रांपासून दूर, दुसऱ्याच्या भागांवर उभे का होईना, 1000 सीसीचे इंजिन बांधता येते. ज्या मागणीकडे मोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे पाहिले नव्हते, ती मागणी खरी होती, हे इंटरसेप्टरच्या खपाने पुढे दाखवून दिले.

स्वाध्याय

1. परवाना-राजच्या काळात बुलेट फारशी न बदलल्याचे कोणते दोन परस्परविरोधी परिणाम झाले?
2. कलम 52 आणि नियम 126 यांचा सुट्या इंजिनाच्या विक्रीवर आणि पूर्ण मोटारसायकलीच्या विक्रीवर होणारा परिणाम वेगवेगळा का आहे?
3. तुमच्या जिल्ह्यातील एखादे बंद पडलेले यंत्र-उत्पादन निवडा. त्याला मिळालेले कौतुक आणि त्याचा प्रत्यक्ष खप यांत अंतर होते का, ते जुन्या मेस्त्रींशी व दुकानदारांशी बोलून 500 शब्दांत लिहा.