तेरा तास, एक डॉक्टर आणि पुण्याचे रोहन मोरे

९ फेब्रुवारी २०१८ रोजी पुण्याच्या रोहन मोरे यांनी न्यूझीलंडच्या दोन बेटांमधील कुक सामुद्रधुनी ८ तास ३७ मिनिटांत पोहून पार केली. 'ओशन्स सेव्हन' ही सात सामुद्रधुन्यांची मालिका तेथे पूर्ण झाली. ती पूर्ण करणारे ते जगातील नववे आणि आशियातील पहिले जलतरणपटू. वय अवघे ३२.

या पोहण्याला प्रेक्षागृह नसते, की शेजारच्या पट्ट्यात प्रतिस्पर्धी नसतो. भर समुद्रात, बहुधा रात्रीच्या काळोखात, एक माणूस आणि सोबतीला एक होडी. मग तो खरोखर पोहला, हे इतिहासाने मानायचे कशावरून?

हा प्रश्न ऐरणीवर आणला तो एका लबाडीने. ऑक्टोबर १९२७ मध्ये डॉ. डोरोथी लोगन या इंग्रज डॉक्टरबाईंनी इंग्लिश खाडी १३ तास १० मिनिटांत पार केल्याचे जाहीर केले आणि एका वृत्तपत्राचे १,००० पौंडांचे बक्षीसही मिळवले. काही दिवसांतच त्यांनी कबुली दिली, की बराचसा प्रवास होडीतून झाला होता! देखरेखीविना असले दावे किती सहज खपतात, हे दाखवण्यासाठीच हा बनाव केल्याचे त्यांचे म्हणणे होते. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल त्यांना दंड झाला. भोगले मात्र दुसरीनेच. मर्सिडीज ग्लाइत्स ही तरुणी त्याच महिन्यात प्रामाणिकपणे खाडी पोहून गेली होती. आता तिच्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. २१ ऑक्टोबरला ती गारठलेल्या पाण्यात पुन्हा उतरली. पैलतीर गाठण्याआधीच तिला बाहेर काढावे लागले, पण तिची जिद्द पाहणाऱ्यांचा संशय फिटला.

त्याच वर्षी चॅनेल स्विमिंग असोसिएशनची स्थापना झाली. तेव्हापासूनचा दंडक असा : होडीत स्वतंत्र निरीक्षक हवा, त्याने वेळोवेळी नोंदी ठेवाव्यात. अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, टोपी व गॉगल. उष्णतारोधक पोशाख वर्ज्य. खाणेपिणे होडीतून पोहोचवता येते, पण होडीला वा माणसाला धरून विसावा घेतला, की सारे श्रम वाया. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही भाषा ओळखीची वाटेल. समकालीन, त्रयस्थ साक्षीदाराची नोंद म्हणजेच अव्वल साधन.

मोरे यांनी २०१४ मध्ये इंग्लिश खाडी पार केली ती १३ तास १३ मिनिटांत. लोगनबाईंनी सांगितलेल्या खोट्या वेळेहून तीन मिनिटे अधिक! हा निव्वळ योगायोग; पण या १३ तासांना निरीक्षकाची साक्ष आहे.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर. येथील तलावात अंतराचा सराव होतो, गारठ्याचा नाही. आयर्लंड-स्कॉटलंडमधील नॉर्थ चॅनेलचे पाणी उन्हाळ्यातही जेमतेम १२ ते १४ अंश सेल्सिअस, शिवाय डंख करणाऱ्या जेलीफिशचे थवे. हवाईतील मोलोकाई खाडीचे पाणी उबदार, मात्र अंतर सुमारे ४२ किलोमीटर आणि लाटा उंच. ती पार करायला २०१५ मध्ये मोरे यांना १७ तास २८ मिनिटे लागली. उरलेल्या तीन : कॅलिफोर्नियाची कॅटालिना, जपानची त्सुगारू आणि जिब्राल्टर.

येथे एक गफलत टाळायला हवी. मिहिर सेन यांनी १९६६ या एकाच वर्षात पाल्क, जिब्राल्टर, दार्दानेल्स, बॉस्पोरस आणि पनामा कालवा पार केले. बुला चौधुरी यांच्या नावामागेही 'सात समुद्र' लावले जातात. ते पराक्रम थोरच, पण जलमार्गांची यादी वेगळी. 'ओशन्स सेव्हन' ही कल्पना २००८ सालची, आणि ती प्रथम पूर्ण केली आयर्लंडच्या स्टीफन रेडमंड यांनी, २०१२ मध्ये.

मोरे यांना भारत सरकारने २०१७ चा तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार दिला, जलसाहस या विभागात. सरकारदरबारी ही कामगिरी खेळात नव्हे, साहसात मोडते. बहुधा म्हणूनच पदकांच्या याद्या पाठ असलेल्या अनेक पुणेकरांना हे नाव आजही सांगावे लागते.