कुणाचं आहे हे?

गेल्या पावसाळ्यात नातवाने स्टेशन रोडवरून एक पिल्लू उचलून आणले. पिल्लू म्हणायचे एवढेच, सात-आठ महिन्यांचे चांगले दांडगे कुत्रे! नाव ठेवले मोत्या. पहिल्याच आठवड्यात त्याने माझी एक चप्पल फाडली, सूनबाईंची वाळत घातलेली ओढणी पळवली आणि अंगणातला मोगरा मुळासकट उकरला. ठेवायचे की नाही यावर घरात मतदान झाले. तीन विरुद्ध दोन मतांनी मोत्या राहिला. विरोधी मतांत एक माझे होते. का ते पुढे सांगतो.

मंडळी, मी जन्मभर इतिहास शिकवला, पण कुत्र्यांपायी झालेली दंगल आमच्या पाठ्यपुस्तकात कधी आली नाही. मुंबईत कंपनी सरकारचे राज्य होते. उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारायची कायद्याने मुभा होती. १८३२ साली ती मुदत वाढवली आणि कुत्र्यामागे आठ आणे इनाम लावले. त्या काळी आठ आणे म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. मग काय, मारणारे रस्त्यावरची सोडून घरांतल्या, पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले! पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. माणूस गेला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी, हा त्यांचा सगदीदचा विधी. ६ जून १८३२ ला लोक मारेकऱ्यांच्या अंगावर धावून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन व्यापारीही त्यात सामील झाले आणि सैन्याची रसद अडली. शेवटी पलटण बोलवावी लागली, धरपकड झाली, काहींना शिक्षा झाल्या. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि इतर शेटियांनी मुंबईचा पांजरपोळ काढला, त्यामागे ही कुत्री होती. आज पांजरपोळ म्हटले की आपल्याला फक्त गाई आठवतात!

आता माझे मत. १९६० च्या आसपासची गोष्ट, मी आठ-नऊ वर्षांचा असेन. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, जालना जिल्हा झाला १९८१ ला. आमच्या गल्लीत काळू नावाचे कुत्रे होते. चार घरची भाकरी खाई, झोपे मात्र आमच्या ओट्याखाली. एका सकाळी दोन माणसे विषाचे तुकडे टाकत आली. काळूकडे बोट दाखवून एकाने मला विचारले, "कुणाचं आहे हे?" वडिलांना कुत्र्यांचा भारी राग. मी खाली मान घालून म्हणालो, "कुणाचंच नाही." पुढचे लिहीत नाही.

त्या माणसांना दोष देऊन भागणार नाही. लुई पाश्चरने १८८५ मध्ये रेबीजची लस माणसाला टोचली खरी, पण आमच्या लहानपणी कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने, आणि ती मिळायचीही मोठ्या गावी. भीती खोटी नव्हती. पण मारून कुत्री कमी होत नाहीत, रिकाम्या जागी दुसरी येतात. मुंबईत १९९४ पासून मारण्याऐवजी नसबंदी सुरू झाली. २००१ साली केंद्राने नियम केले, २०२३ मध्ये ते बदलून नवे आणले. लस टोचा, नसबंदी करा आणि जिथून उचलले तिथेच सोडा, असा तो मार्ग. नियम कागदावर सोपा. लहान गावात हे करणार कोण, हा प्रश्न राहतोच. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी कुत्री उचलून ठेवायला सांगितले आणि अकरा दिवसांत, २२ तारखेला, तो आदेश सौम्य केला. त्यातले एक वाक्य मी नातवाला दोनदा वाचून दाखवले. कुणाला भटके कुत्रे दत्तक घ्यायचे तर घ्या, पण ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये.

असो. लस टोचायला आम्ही मोत्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. पट्टा नवा, आणि हे महाशय रिक्षातून उतरल्यापासून नातवाला फरफटत नेत होते. टेबलाशी बसलेल्या मुलीने कागद पुढे ओढला. "मालकाचे नाव?"

नातू माझ्याकडे पाहू लागला. मी माझे नाव सांगितले, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. ती ते लिहून घेईपर्यंत मोत्याने तिच्या पिशवीचा बंद चावून तोडला होता.