किडनीतज्ज्ञ डॉक्टर : शिक्षण, नोंदणी आणि आरक्षण

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे इंजिनिअर कसे व्हायचे, हे परिसरातल्या मुलांना माहीत असते. किडनीचा डॉक्टर कसा घडतो, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. योग्य डॉक्टर ओळखण्यासाठी आणि आपली मुले-मुली त्या वाटेला लागावीत म्हणूनही ही माहिती हवी.

किडनीतज्ज्ञ म्हणजे कोण?

किडनीच्या आजारांवर औषधोपचार करणारा, डायलिसिसचा निर्णय घेणारा आणि किडनी प्रत्यारोपणाच्या आधी व नंतर पेशंटची काळजी घेणारा डॉक्टर म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट. मुतखडा, प्रोस्टेट यांच्या शस्त्रक्रिया करणारा सर्जन म्हणजे युरॉलॉजिस्ट. या दोन वेगळ्या शाखा आहेत. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही किडनी निकामी होण्याची प्रमुख कारणे. सुरुवातीला त्रास जाणवत नाही, म्हणून अनेक पेशंट उशिरा पोहोचतात.

शिक्षणाचे टप्पे

बारावी विज्ञान (जीवशास्त्रासह) आणि नीट परीक्षेनंतर एमबीबीएस : साडेचार वर्षे व एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी देऊन एमडी मेडिसिन किंवा बालरोग : तीन वर्षे. शेवटी नीट-एसएस देऊन डीएम नेफ्रॉलॉजी : आणखी तीन वर्षे. म्हणजे बारावीनंतर किमान साडेअकरा वर्षे. डीएमला समकक्ष असा डीआरएनबी हा मार्गही आहे. युरॉलॉजिस्ट एमएस सर्जरीनंतर एमसीएच करतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात नेफ्रॉलॉजी विभागाच्या प्रमुख राहिलेल्या डॉ. विद्या आचार्य या भारतातील पहिल्या महिला नेफ्रॉलॉजिस्ट मानल्या जातात. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले.

खात्री कशी करावी?

नुसत्या 'किडनी स्पेशालिस्ट' या फलकावर विसंबू नये. चिठ्ठीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहावा. तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदीत पडताळता येतो. नावापुढे डीएम किंवा डीआरएनबी (नेफ्रॉलॉजी) आहे का, हे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. तो पेशंटचा हक्क आहे.

आरक्षण कुठे थांबते?

१९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या पातळीवरही आरक्षण मिळाले. एमबीबीएस आणि एमडीला अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, तर महाराष्ट्राच्या कोट्यात १३ टक्के जागा असतात. त्यासाठी जात प्रमाणपत्र व वैधता प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावे. नीट-एसएसच्या जागांना मात्र जातीनिहाय आरक्षण नाही. सुपरस्पेशालिटीच्या पातळीवर गुणवत्तेत तडजोड नको, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात घेतली होती.

इथे चळवळीसमोर खरा प्रश्न आहे. घरची पहिली पिढी शिकत असताना साडेअकरा वर्षे कमाईविना किंवा तुटपुंज्या विद्यावेतनावर काढणे किती जणांना परवडते? एमडी झाल्यावर अनेकांना कर्ज आणि घर सांभाळण्यासाठी थांबावे लागते. तेव्हा आपल्या मंडळांनी, विहारांनी सत्काराबरोबर एमडी झालेल्या मुला-मुलींच्या पुढच्या तीन वर्षांचाही विचार करावा. 'शिका' हा बाबासाहेबांचा संदेश एमबीबीएसच्या पेढ्यांपाशी संपत नाही.