संसारातून उमललेली प्रीती

इंग्लंडात १८११ ते १८२० हा काळ ‘रीजन्सी’ या नावाने ओळखला जातो. त्या काळातील प्रणयकथांचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. दोन तरुण मने जुळतात, कुटुंब, वारसा आणि प्रतिष्ठा आड येतात, एखादे गुपित उत्कंठा वाढविते आणि अखेरीस विवाह होऊन कथा संपते. आमच्या नाशिकच्या भूमीवर अशीच एक कथा घडली. मात्र तिचा क्रम उलटा होता. येथे विवाह आधी झाला आणि प्रीती मागाहून, मोठ्या कसोटीतून सिद्ध झाली. ही कथा रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांची.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या आघाताने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात विटाळाची अशी भीती बसली, की सोवळे हाच त्यांच्या घराचा कायदा झाला. पुढील साऱ्या घटनांचे बीज आम्हांस या घरात दिसते. ज्या मुलीचे बाळपण स्पर्शाच्या धाकात गेले, तिच्याच पतीने जातीची मर्यादा ओलांडावयाची होती.

१८८० साली विवाह झाला तेव्हा वधू अकरा-बारा वर्षांची व वर अठरा वर्षांचा होता. टिळक कवी, विद्वान, परंतु चंचल व तापट. पत्नीला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. पुढे दोन वर्षे त्यांच्या मनात जे मंथन चालले, त्याची पुरती कल्पना घरच्यांना नव्हती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि दोन्ही घरांवर आकाश कोसळले. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू होता. बहीण व मेहुणे यांनी आधार दिला. परंतु पती जिवंत असून संसार मोडलेला, अशी ती विलक्षण अवस्था होती.

येथे त्या काळचा कायदा ध्यानात घेतला पाहिजे. १८६६ च्या एका अधिनियमाने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस एक मार्ग खुला केला होता. धर्मांतराच्या कारणावरून जोडीदार सहा महिने दूर राहिल्यास न्यायालयात दावा लावता येई. न्यायालय जोडीदाराचे मन जाणून घेई, वर्षभर वाट पाही आणि नकार कायम राहिल्यास विवाह रद्द करी. दुसरीकडे, पत्नीला नांदावयास आणण्यासाठी दावा लावण्याची वाटही होती. रखमाबाईंवर १८८४ साली असा दावा लागला. १८८७ साली न्यायालयाने त्यांना पतीकडे जा अथवा सहा महिने तुरुंगवास भोगा, असे फर्मावले. अवघा महाराष्ट्र त्या खटल्याने ढवळून निघाला होता.

टिळकांनी या दोहोंपैकी एकही वाट धरली नाही. त्यांनी पत्रे लिहिली आणि वाट पाहिली. स्वभावाने उतावळ्या असलेल्या या गृहस्थाच्या आयुष्यातील हा धीर आम्हांस त्यांच्या कवितेइतकाच मोलाचा वाटतो. लक्ष्मीबाईही केवळ हुकमाने बदलणाऱ्या नव्हत्या. पुढे त्या पतीजवळ अहमदनगरला आल्या, तरी आपला धर्म व आपली चूल त्यांनी सांभाळली. एकाच संसारात दोन श्रद्धा नांदू लागल्या.

नंतर एके दिवशी त्यांच्या मनाने प्रश्न घातला, की जातिभेद देवाने निर्मिला की माणसाने? उत्तर मिळाले आणि कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. विटाळाच्या भयाखाली वाढलेल्या कन्येचे हे पाऊल लहान नव्हते. त्यानंतर, १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्यांचा स्वतःचा विवेक जागा झाला, मग दीक्षा आली. पतीपाठोपाठ पत्नी गेली, एवढेच म्हणून मोकळे होणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल.

टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्यांना पतीने अक्षरे शिकविली, त्यांनीच त्यांचे महाकाव्य हाती घ्यावे, याहून प्रीतीची साक्ष कोणती? १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागली आणि त्या दुराव्याची कहाणी मराठी वाचकांना हसत-रडत वाचावयास मिळाली. त्यांत पतीचे दोष झाकलेले नाहीत आणि स्वतःचेही नाहीत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे देहावसान झाले.

आजही आपल्या कुटुंबांतून धर्म, जात वा पंथ यांच्या भेदांमुळे विवाह अडतात, मुले दुरावतात. अशा घरांतील वडीलधाऱ्यांनी टिळक दांपत्याची ती पाच वर्षे एकदा तरी डोळ्यांपुढे आणावीत, अशी आमची विनंती आहे. तेथे कोणी कोणावर सक्ती केली नाही, आणि दोघांपैकी कोणीही दार कायमचे लावून घेतले नाही.