गुलाबी डोक्याच्या बदकाचा माग

गोंदियानजीक झिलमिली व परसवाडा या तलावांच्या पाळीवर हिंवाळ्यांत दुर्बिणी गळ्यांत अडकविलेली मंडळी पहाटेपासून बसलेली आढळते. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक हे नेहमींचे पाहुणे मोजून झाले कीं त्यांची नजर थव्याच्या कडेला जाते. न जाणो, एखादें न येणारें बदक आलें असलें तर! जवळच कामठा हें गांव आहे. इतिहासाच्या अभ्यासकास या गांवाचें नांव निराळ्या कारणानें ठाऊक असतें. १८१८ सालीं येथील जमीनदार चिमणा पाटील यानें इंग्रजांविरुद्ध बंड उभारलें, कॅप्टन गॉर्डन यानें तें मोडलें, आणि जमीनदारी पुढें लोधी घराण्याकडे गेली. बंडाची ही हकीकत कागदोपत्रीं राहिली. जमाबंदींत जमीन, पीक व सारा यांचे रकाने असत. पाखरांसाठीं रकाना नसे. म्हणून पाखरांचा इतिहास लिहूं पाहणारास दुसऱ्याच साधनांकडे वळावें लागतें, व तीं साधनें कशा जातीचीं आहेत हें एका हरवलेल्या बदकाच्या कथेवरून चांगलें समजतें.

तें बदक म्हणजे गुलाबी डोक्याचें बदक. नराचें अंग गर्द तपकिरी, जवळजवळ काळें. डोकें व मानेची मागील बाजू मात्र स्वच्छ गुलाबी. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर एलायजा इंपे यांच्या पत्नीनें देशी चित्रकारांकडून पशुपक्ष्यांचीं चित्रें काढवून घेतलीं. त्यांपैकीं भवानीदास यानें या बदकाचें चित्र रंगविलें. १७९० सालीं जॉन लॅदम यानें त्याला शास्त्रीय नांव दिलें. गंगेच्या मैदानांतील उंच गवतानें वेढलेलीं दलदलीचीं डबकीं हें त्याचें खरें घर. महाराष्ट्राच्या कांहीं भागांतूनही त्याच्या तुरळक नोंदी आहेत. गवतांत तें घरटें करी, आणि त्याचीं अंडीं चेंडूसारखीं जवळजवळ वाटोळीं असत, जें बदकांत सहसा दिसत नाहीं.

हें सारें आपणांस कोणी सांगितलें? बहुतांशीं शिकाऱ्यांनीं. ह्यूम व मार्शल यांचा हिंदुस्थानांतील शिकारीच्या पक्ष्यांवरील त्रिखंडी ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळांत निघाला, आणि अशा ग्रंथांतील माहिती बंदुकीच्या टोकानेंच मिळविलेली होती. मेलेला पक्षी हाच पुरावा, हा त्या काळचा दंडक. एका अर्थीं तो सोयीचा खरा. कातडें पेटींत असलें म्हणजे वादाला जागा उरत नाहीं. परंतु पक्षी मुळांतच विरळ असला म्हणजे प्रत्येक पुराव्यागणिक पुराव्याचा विषयच कमी होत जातो. जून १९३५ मध्यें चार्ल्स इंग्लिस यानें दरभंग्याकडील बाघौनी येथें हें बदक पाहिलें, तीच हिंदुस्थानांतील शेवटची निर्विवाद नोंद मानिली जाते. इंग्लंडांत आल्फ्रेड एझ्रा यांच्या फॉक्सवॉरन पार्कांत कांहीं बदकें पाळलेलीं होतीं. तीं जगलीं, पण त्यांची वीण झाली नाहीं. त्याच्या शिकारीवर सरकारनें बंदी घातली ती १९५६ सालीं, म्हणजे शेवटच्या नोंदीनंतर एकवीस वर्षांनीं!

त्यापुढचा इतिहास शोधाचा आहे, आणि साक्षीपुराव्याच्या दृष्टीनें मला तोच अधिक उद्बोधक वाटतो. बंदूक गेली, दुर्बीण आली; पुरावा गेला, साक्ष आली. गुलाबी डोक्याचें बदक दिसल्याच्या वार्ता अधूनमधून उठत राहिल्या, आणि त्यांतील पुष्कळशा एका दुसऱ्याच बदकापाशीं येऊन थांबल्या. तें म्हणजे मोठी लालसरी. तिच्या नराचें डोकें नारिंगी-तांबूस व चोंच लाल. उन्हाच्या तिरिपेंत, दुरून, इच्छेनें भारलेल्या डोळ्यांस तें गुलाबी दिसावें यांत नवल नाहीं. छाती काळी व कूस पांढरी पाहिली कीं भ्रम फिटतो. पण तेवढा धीर थोड्यांनाच असतो. २००४ सालीं ब्रह्मदेशाच्या कचिन प्रांतांत एका तुकडीला तें दिसल्यासारखें वाटलें, तरी खात्री पटेना. २०१७ सालीं तेथील इंदॉजी सरोवरावर पुन्हा शोध झाला, तोही रिकाम्या हातांनीं परतला. आंतरराष्ट्रीय यादींत आज त्याची नोंद ‘अत्यंत संकटग्रस्त, बहुधा नष्ट’ अशी आहे. ‘बहुधा’ हा शब्द शास्त्रज्ञांनीं भिडेखातर ठेविलेला नाहीं. एखादी वस्तु आहे हें एका दर्शनानें सिद्ध होतें. ती नाहीं हें शंभर दलदली तुडवूनही पुरतें सिद्ध होत नाहीं.

सारा दोष बंदुकीवर टाकून मोकळें होणेंही बरोबर नाहीं. गंगेकांठचीं गवताळ रानें नांगराखालीं आलीं, तेव्हां लपणारें बदक लपणार कोठें? आणि येथेंच आमच्या वैनगंगेच्या खोऱ्याची कथा अगदीं उलट आहे. गंगेकांठीं शेतीनें पाणथळ गिळली. येथें शेतीनें ती निर्माण केली. काशीकडून आल्याची आठवण सांगणाऱ्या कोहळी समाजानें गोंड राजांच्या अमदानींत धानासाठीं तलाव व बोड्या बांधिल्या. नवेगांवचा बांध कोलू पाटील कोहळी यानें घातला असें परंपरा सांगते, आणि भोंवतालच्या सात बहिणींच्या डोंगरांत तो कोलासूर या नांवानें पूजिला जातो. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ च्या आपल्या ग्रंथांत कोहळ्यांच्या या कसबाची दखल घेतली आहे. पूर्व विदर्भांत असे मालगुजारी तलाव सुमारें सात हजार सांगतात. बांधणारांच्या मनांत धान होतें, बदकें नव्हतीं. बदकें आपण होऊन आलीं.

१९५१ सालीं मालगुजारी संपली. ती संपली याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्याबरोबर पाळीची डागडुजी करणारा हातही गेला, हें मान्य केलें पाहिजे. मालकी सरकारकडे आली, गाळ मात्र तलावांतच राहिला. काठाला बेशरम माजली. मोठी लालसरी पाण्याखालच्या वनस्पतींवर जगते; त्या नाहींशा झाल्या तर तलाव तुडुंब असूनही तिच्या दृष्टीनें कोरडाच. कोणत्या पाण्यांत कोणती वनस्पती व तिच्या आधारानें कोणता मासा, हें ज्ञान पुस्तकांत थोडें व ढिवरांच्या तोंडीं फार आहे. अलीकडे भंडारा-गोंदियाच्या कांहीं तलावांत ढिवरांनींच बेशरम उपटून या वनस्पती हातांनीं पुन्हा लाविल्या. मारुति चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगांवास आले, तेव्हां त्यांनींही पुस्तकी विद्येला माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या स्थानिक जाणकारांच्या अनुभवाची जोड दिली, आणि मराठीला पाखरांचे शेंकडों शब्द मिळाले. चितमपल्ली २०२५ सालीं वारले.

दुर्बीणवाल्या मंडळींस दुर्मिळ बदक दिसो. दिसल्यास मला आनंदच होईल. पण थव्याच्या मध्यभागीं जीं साधीं बदकें पोहत असतात, त्यांची दरसालची संख्या त्यांनीं वहींत मांडावी, असें इतिहासाच्या शिक्षकास वाटतें. गुलाबी डोक्याचें बदक पूर्वीं किती होतें याचा आंकडा कोणाजवळच नाहीं. म्हणून तें केव्हां कमी होऊं लागलें हेंही आज सांगतां येत नाहीं. सारसाच्या बाबतींत गोंदियानें हें काम आरंभिलें आहे: दरवर्षीं उन्हाळा सरतांना स्वयंसेवक व शेतकरी धानाच्या बांध्यांलगत पहाटे उभे राहून सारस मोजतात, आणि ती संख्या अवघी कांहीं डझनांची भरते.