दीर्घ आधाराचे कर्नल आणि जुनी ग्राफिक्स कार्डे

कल्याणहून आजच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या स्थानकांवरून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग 1929 मध्ये 1500 व्होल्ट डीसी विजेवर आला, आणि पुढे मध्य रेल्वेने आपले मुंबईचे जाळे टप्प्याटप्प्याने 25,000 व्होल्ट एसीवर नेले, तेव्हा मधल्या काळात दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या लोकल धावल्या. तारही रेल्वेची आणि गाडीही रेल्वेचीच, म्हणून हे संक्रमण निभावले.

लिनक्सच्या जगात तार एकाची आणि गाडी दुसऱ्याची, अशी स्थिती झाली. कर्नल, म्हणजे स्मृती, प्रोसेसर आणि उपकरणे यांचा कारभार पाहणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, 1991 पासून खुलेपणाने घडत गेला; ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारी चिप त्या गाभ्याशी जोडणारा प्रोग्रॅम, एनव्हिडियासारख्या कंपनीने मात्र स्वतःपाशी बंद ठेवला. वापरकर्त्याचे प्रोग्रॅम मोडू न देण्याचे बंधन कर्नलने पाळले, पण ड्रायव्हरशी जोडणारी आतली रचना कायम ठेवण्याची हमी कधीच दिली नाही. हे धोरण योग्यच म्हटले पाहिजे, कारण रचना बदलणाराच कर्नलमधले सगळे खुले ड्रायव्हर त्याबरोबर दुरुस्त करतो. त्याची झळ बसते ती बंद ड्रायव्हरचे कार्ड विकत घेणाऱ्याला.

दीर्घ आधाराच्या आवृत्तीत नवे बदल न आणता केवळ दोषांची दुरुस्ती होते, त्यामुळे तिची आतली रचना बहुतांशी स्थिर राहते आणि जुना ड्रायव्हर टिकतो. 2005 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी स्थिर आवृत्त्यांची प्रथा सुरू केली. 2011 मध्ये त्यांपैकी वर्षाला एक आवृत्ती दोन वर्षे सांभाळण्याचे ठरले, 2017 मध्ये मोबाइल फोनच्या गरजेपोटी ही मुदत सहा वर्षांपर्यंत वाढली आणि 2023 मध्ये, सांभाळणाऱ्या मोजक्या माणसांवरचा भार असह्य झाल्याने, ती पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले.

मुदत आखडली की जुना ड्रायव्हर घेऊन नव्या कर्नलकडे लवकर जावे लागते; त्याचा अर्थ 6.3 या 2023 च्या आवृत्तीत दिसतो. स्मृतीच्या एखाद्या भागाचे गुणधर्म सांगणारी नोंद ड्रायव्हरने थेट बदलण्याची मुभा तिने काढून घेतली, आणि एनव्हिडियाचा 390 मालिकेतील ड्रायव्हर, ज्याचा अधिकृत आधार 2022 अखेर संपला होता, त्या कर्नलवर ठिगळाशिवाय कंपाइलच होईना. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाने याच ड्रायव्हरवर चालणारे एनव्हिडियाच्या फर्मी पिढीचे कार्ड लावून ठेवले असेल, तर तो बंद ड्रायव्हर वापरत राहण्यासाठी त्याला जुन्या कर्नलवर थांबणे किंवा स्वयंसेवकांनी लिहिलेली ठिगळे लावणे, एवढेच मार्ग उरतात.

2022 मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलकडील भाग खुला केला खरा, पण तो 2018 च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या चिपांसाठीच. त्याआधीच्या कार्डांना नूवो या स्वयंसेवी खुल्या ड्रायव्हरचा आधार आहे. फर्मीनंतरच्या केप्लर पिढीत त्याद्वारे चिपचा वेग हाताने वाढवता येतो, मात्र त्यापुढच्या मॅक्सवेल पिढीच्या दुसऱ्या तुकडीपासून त्यासाठी कंपनीची स्वाक्षरी असलेले फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच चालणारा प्रोग्रॅम, आवश्यक झाल्याने, ट्युरिंगपूर्वीच्या त्या चिपा नूवोवर आजही मंद वेगातच चालतात.