क्ष-किरणांची प्रतवारी : नागपूर ते इंदूर

निपाणीच्या वखारीत तंबाखूची प्रतवारी करणाऱ्या जाणत्या हातांची महती सीमाभागातील वाचकांस सांगावयास नको. क्ष-किरणांचीही अशीच प्रतवारी करावी लागते. ती स्फटिक करतो. त्याच्या अणूंच्या थरांवर किरण ज्या कोनात पडतात, त्यानुसार ठराविक तरंगलांबीच परावर्तित होते, हे १९१२-१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी दाखविले. असे निवडलेले किरण पदार्थातून पाठवून त्यांचे शोषण मोजले, म्हणजे एखाद्या अणूचे शेजारी कोण व किती अंतरावर आहेत, हे कळते.

ही विद्या महाराष्ट्रात रुजविण्यात नागपूर विद्यापीठाचे प्रा. चिंतामणी मांडे यांचा वाटा मोठा. पॅरिस येथे इव्हेत कोश्वा यांच्याकडे त्यांनी संशोधन केले. १९६० मध्ये त्यांचा विस्तृत प्रबंध फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पातळ स्फटिकास बाक देऊन विखुरलेले किरण एकवटण्याची युक्ती कोश्वाबाईंची. क्ष-किरण नळीचा प्रकाश क्षीण असल्याने त्या काळी ही युक्ती अमोल होती.

सिंक्रोट्रॉन आल्यावर अडचण उलटी झाली : प्रकाश उदंड, परंतु त्याच्या उष्णतेने स्फटिकच विरूपित होऊ लागला. म्हणून एकवर्णकात सिलिकॉनचे दोन स्फटिक समांतर बसवितात. पहिला निवड करतो व ताप सोसतो, त्यास थंड ठेवावे लागते. दुसरा किरणांस मूळ दिशेस आणतो. दोहोंत अंशाच्या काही सहस्रांशांचा फरक पडला, तरी प्रकाश मावळतो. तांब्याची शोषणकडा ८,९७९ इलेक्ट्रॉन-व्होल्टला. तेथे कोन सुमारे १२.७ अंश.

मराठी माणसास परक्या न वाटणाऱ्या इंदूर नगरीत इंडस-२ या १७२.५ मीटर परिघाच्या यंत्रात २००५ मध्ये प्रथम इलेक्ट्रॉन-शलाका साठविली गेली. तेथील एका किरणमार्गावर ४६ सेंटीमीटर लांबीची सिलिकॉनपट्टी लंबवर्तुळाकार वाकवून अनेक तरंगलांबी एकाच वेळी टिपतात. दुसऱ्यावर द्विस्फटिक एकवर्णक असून त्यातील दुसऱ्या स्फटिकास बाक देतात. यंत्रे पालटली; बाकाची कल्पना मात्र टिकली.

परदेशी शिकून आपल्या गावी प्रयोगशाळा उभारणाऱ्या अशा अभ्यासकांचा वृत्तांत मराठीत विस्ताराने लिहिला जावा. शतायुषी ग्रंथालयाच्या कपाटात राजे व संत यांच्या चरित्रांशेजारी त्यासही जागा असावी, ही सभासदांस नम्र विनंती.